टोळांना ‘या’ म्हणणारी राणी

एका राज्यात निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणायची चाल नव्हती. निघणारा ‘येतो’ म्हणे, घरचे ‘या’ म्हणत. पण राजा अमोघसेन भारी तापट! शेतांवर टोळधाड आली, तसा तो विषारी धुराची मडकी घेऊन तरातरा निघाला आणि उंबऱ्यात म्हणाला, “जातो!”

राणी दमनिकेच्या काळजात चर्र झालं. “अहो, येतो म्हणावं!” पण ऐकतो कोण?

त्या धुराने अर्धे टोळ मेले, मधमाश्याही पटापट गळाल्या. तेव्हा रानातली मांत्रिकीण वाट अडवून म्हणाली, “ज्यांना मारलंस, त्यांच्यातलाच हो! एकही जीव न मारता थवा शेतातून हलेल, तेव्हाच सुटशील.” झालं! राजाचा टोळ झाला नि थव्यात मिसळला. राणीच्या बोलक्या साळुंकीने हे झाडावरून पाहिलं आणि राणीला येऊन सगळं सांगितलं.

प्रधान म्हणाले, “राणीसाहेब, पीक चाललं. उद्या उजाडताच उरलेला धूर सोडतो.”

“त्यात महाराज आहेत!”

“आणि प्रजेच्या पोटाचं काय?”

तेही खरंच. राणी तडक शेतावर गेली. अत्तर करणाऱ्यांच्या घरची लेक ती, वासांशी तिची लहानपणापासून गट्टी.

आधी तिने वेखंडाची धुरी दिली. टोळ उडाले. राणीने सवयीने हात जोडले, “बरं, या हं!” टोळ बिचारे आज्ञाधारक, आले की परत! मग तिने कडुनिंबाचा अर्क शिंपडला. टोळ पुन्हा उठले, राणीच्या तोंडून पुन्हा “या” सुटलं, पुन्हा सगळे हजर.

खांद्यावरची साळुंकी खो खो हसली. “राणीसाहेब, निरोप देताय की आवतण?”

“जा कसं म्हणू गं? त्यांत आमचे हे आहेत.” राणीला रडू फुटलं.

“मग नका म्हणू. पण ‘या’ कुठे उभं राहून म्हणायचं, ते तरी बघा!”

राणीने डोळे पुसले. बांधावर वेखंडाची धुरी धुमसत ठेवली आणि ती पलीकडच्या माळावर गेली. तिथलं कोवळं रानगवत कुटून त्याचा रस पदराला माखला, पदर वाऱ्यावर धरला आणि हाक मारली, “या!”

थवा उठला. एक वास मागून लोटत होता, दुसरा पुढून ओढत होता. शेत मोकळं झालं, कुणाचा पंखसुद्धा दुखावला नाही. टोळ रानगवतावर तुटून पडले. एकटाच राणीच्या मनगटावर येऊन बसला.

“तुम्हाला भूक नाही का हो?” राणीने विचारलं.

तोच समोर राजा उभा! मिश्यांत गवताची काडी, डोळ्यांत पाणी.

विषाची मडकी फुटली, वाचलेल्या मधमाश्या फुलांवर परतल्या. राजा अजूनही रोज शेतावर निघतो. पण उंबऱ्यात थांबतो, मागे वळतो आणि म्हणतो, “येतो गं.”

“या,” राणी म्हणते.

आणि तो येतो.