मागे फिरलेला पाना

अवजारं आपसात भांडायची, तेव्हाची गोष्ट. विहिरीवरचं इंजिन गंजून जाम झालं होतं आणि उद्या ते भंगारात जाणार होतं. मोठ्या पान्याने चाकाचा नट धरून पुढे जोर लावला. इंजिन तसूभर हललं नाही.

तेलाची बुधली म्हणाली, "पानेराव, तेल मुरलंय. आता जरा मागे फिरा."

"मागे? आमच्या घराण्यात कुणी मागे फिरलं नाही!"

इंजिन कण्हलं, "तुमचं घराणं राहील हो, मी मोडेन."

पाना ओशाळला. केसभर मागे आला, केसभर पुढे गेला, पुन्हा मागे. दिवस मावळता इंजिन धडधडलं आणि पाटाला पाणी आलं.

"घराण्याला काय कळवू?" बुधलीने विचारलं.

"इंजिन चालू झालं म्हणून कळव. बाकीचं आपल्यातच राहू दे, बाई."