नावांची पेटी

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात अंगावर चट्टे उठवणारा एक रोग पसरला होता. ज्याला चट्टा उठे, त्याला गावकरी शिवेबाहेर काढत. म्हणून लोक चट्टे लपवत, आणि लपवता लपवता मरत.

राजधानीतले वैद्य बारा वर्षं या रोगावर औषध शोधत होते. कुणाला कोणता काढा दिला, कुणाला गुण आला, कुणाला नाही, सगळं ते लिहून ठेवत. हे कागद सांभाळायला एक दप्तरदारीण होती. बाई बोलायला फटकळ, पण कामात चोख. औषधांच्या नोंदींत ती रोग्याच्या नावाऐवजी नुसता आकडा घाले. कोणता आकडा कोणाचा, ते कागद वेगळ्या पेटीत. त्या पेटीला दोन कुलपं. एक किल्ली तिच्या कमरेला, दुसरी थोरल्या वैद्यांकडे.

शेजारच्या राज्यांतल्या वैद्यांनी औषधांच्या नोंदी मागितल्या, की ती हौसेने नकला करून पाठवी. नावं मात्र कुणालाच नाही. नाव विचारताना प्रत्येक रोग्याला तिने तसा शब्दच दिलेला होता.

एके दिवशी प्रधान दप्तरखान्यात आला. "बाई, नावांची पेटी द्या. संध्याकाळी परत पाठवतो."

"पेटी उंबरठ्याबाहेर जात नाही, प्रधानजी."

"परराज्यात नकला पाठवता आणि आपल्याच प्रधानाला नाही म्हणता?"

"त्या नकलांतून काढा कळतो, माणूस कळत नाही. तुम्हाला काढा नकोच आहे."

प्रधान तिथून निघाला तो थेट थोरल्या वैद्यांच्या घरी गेला. वैद्य मोठे विद्वान, पण स्वभावाने भिडस्त. एवढा मोठा माणूस दारात आला म्हणून त्यांनी केळीच्या पानावर फराळ वाढला आणि निघताना किल्लीही हातावर ठेवली. शहाणी माणसं भिडेपायी काय काय देऊन बसतात, बघा.

प्रधान किल्ली नाचवत परत आला. "आता तुमची द्या. नाहीतर कुलूप फोडतो."

बाई उठली आणि पेटीवरच जाऊन बसली. "फोडा. आधी मला उठवा."

शेवटी शिपायांनी बाईला आणि पेटीला दरबारात नेलं. प्रधान म्हणाला, "महाराज, रोगी कोण ते कळलं, तर एका दिवसात सगळ्यांना राज्याबाहेर घालवू. ही बाई आडवी येते."

राजाने घसा साफ केला. "बाई, किल्ली का देत नाहीस?"

"महाराज, नोकरी तुमची आहे, हवी तर काढून घ्या. पण शब्द मी दिलाय आणि तो मोडणार नाही. आज प्रधानजींसाठी पेटी उघडली, तर उद्या आणखी कुणासाठी उघडावी लागेल. मग आतलं एकही नाव झाकलेलं राहायचं नाही, लहानाचं नाही आणि मोठ्याचंही नाही."

बोलताना तिने नजर जमिनीवरच ठेवली होती. ती का, ते आता सांगायला हरकत नाही. तो राजा गेला, त्याचं राज्यही गेलं. आठ वर्षांपूर्वी एक तरणाबांड माणूस तोंडावर उपरणं ओढून वैद्यांकडे आला होता, आणि ज्या मोजक्यांना गुण आला, त्यांत तोही बरा होऊन गेला होता. त्याचा आकडा एकेचाळीस. पुढे तोच गादीवर बसला. त्या दरबारात हे फक्त दोघांना ठाऊक होतं.

राजा प्रधानाकडे वळला. मग म्हणाला, "प्रधानजी, किल्ली बाईंना द्या. दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची, ते त्याच ठरवतील. आणि बाई, यापुढे ही पेटी मी मागितली तरी उघडायची नाही."

"उघडली नसतीच, महाराज," बाई म्हणाली, आणि पेटी उचलायला वाकली.

ही बातमी गावोगाव गेली. कोण कुठे लपलं होतं देव जाणे, पण माणसं आपल्या पायांनी वैद्यांकडे येऊ लागली. नोंदी वाढल्या, चुका कळल्या, आणि तीन वर्षांत औषध सापडलं. पेटी मात्र बंदच राहिली.

तात्पर्य: विश्वासाने सोपवलेलं गुपित जो एका बलवंतासाठी उघडतो, तो ते सगळ्या जगासाठी उघडतो.