सतरा गाठींचा दोरा

दोष सगळा त्र्यंबकपंतांचा. वयाकडे बघून कुणी पांघरूण घालायला जाऊ नये. तळकोंडीच्या दफ्तरात नऊशे रुमाल होते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे नऊशे गठ्ठे. कुठल्या रुमालात काय आहे याची यादी? नाही! चाळीस वर्षं दफ्तरदारी केली, पण म्हाताऱ्यानं यादी केली नाही. विचारलं की कपाळावर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "सगळं इथं आहे!" तिथं काय होतं ते देव जाणे.

आणि आता सुभानराजांना हत्तीखाना बांधायचा होता. जागा कुठली? कोष्टीआळी! सुचवली पंतांनीच.

"सोळा तर घरं आहेत, महाराज. उठवली की झालं."

तुंगा कोष्टीण पुढे झाली. बापाचे पाय सुजलेले आणि आळीतले बाकीचे बाप्ये नुसतेच पागोटी सावरत उभे, म्हणून ती.

"महाराज, ती जागा तुमच्या आजोबांनी आम्हाला सनद करून दिलीय."

"मग दाखव सनद."

"आमची प्रत वाळवीनं खाल्ली. दुसरी तुमच्याच दफ्तरात आहे."

राजे एक नंबरचे हट्टी. "उद्या सूर्यास्तापर्यंत शोधून आण. नाहीतर परवा हत्ती येतील!"

सहा कारकून शोधायला बसले. पण दफ्तराची एक रीत होती. कागदावरचं 'श्री' वाचलं की शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचंच. अर्धवट सोडला तर लिहिणाऱ्याचा आत्मा तळमळतो म्हणे! दुपार झाली तरी पहिला रुमाल संपेना. एक कारकून तर कुठल्याशा गावच्या हरवलेल्या शेळीचा अर्ज वाचता वाचता डोळे पुसत होता.

"काका, शेळीचं नंतर बघा हो!" तुंगा कळवळली.

"अर्धवट कसा सोडू, पोरी? पाप लागतं."

तुंगा तडक राजांपुढे गेली. "आळीतल्या बायका शोधतील, महाराज."

पंत खो खो हसले. "त्या? एकीला तरी वाचता येतं का?"

"नाही ना! म्हणून तर म्हणते. जे वाचायलाच घेतलं नाही, ते अर्धवट राहीलच कसं?"

राजांच्या मिशा हलल्या. "जाऊ द्या त्यांना, पंत."

"अजून एक, महाराज. आजोबांची कुठलीही एक सनद बघायला मिळेल?"

दरबारात एक टांगलेलीच होती. तुंगानं ती लुगडं पारखावं तशी पारखली. माथ्यावर मधोमध लाल 'श्री', खाली गोल शिक्का. तळाला मोर्तबाचा छोटा चौकोनी ठसा. मधला मजकूर काय आहे आणि किती आहे, त्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

घरी येऊन तिनं खळ लावलेल्या कडक कापडाच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीला दोन खिडक्या, 'श्री' आणि शिक्क्यापुरत्या. दुसरीला एकच चौकोनी. दोन्ही पट्ट्या लांब, सैल दोऱ्यानं जोडल्या. कागद वीतभर असो की दहा हात, दोरा तेवढा ताणायचा. खिडक्यांतून ठसे दिसले तर कागद उजवीकडे, नाहीतर डावीकडे. अशा चाळीस जोड्या केल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चाळीस बायका दफ्तरात बसल्या. दुपारपर्यंत नऊशे रुमाल पालथे! पण उजवीकडे सहाशे कागद साचले.

"सहाशे!" पंतांनी टाळी दिली ती हवेलाच. "चाळणीची भोकं मोठी झाली गं बाई!"

"मग बारीक करते, पंत."

आळीतले म्हातारे सांगायचे, सनदेत एकेका जागेची एकेक आखूड ओळ आहे, एकाखाली एक, अशा सतरा. घरं सोळाच, त्यामुळे म्हाताऱ्यांना कुणी विचारत नसे. तुंगानं मात्र ऐकून ठेवलं होतं. तिनं मधल्या दोऱ्यांना सतरा-सतरा गाठी मारायला लावल्या. दर आखूड ओळीला एक गाठ सरकवायची. कमी नको, जास्त नको.

सूर्य कलायच्या आत सहाशेतून एकच कागद उरला.

"पण हाच तो कशावरून?" राजांनी विचारलं. "तुला तर वाचता येत नाही!"

"महाराज, काठ आणि पदर बघितला की लुगडं कुणाच्या मागावरचं ते कळतं. त्यासाठी मधलं सगळं अंग उलगडत बसायचं का? तरी खात्री हवी तर पंतांनी वाचावं. त्यांच्याच रितीनं!"

पंतांनी कागद घेतला. माथा वाचताना आवाज खणखणीत. कोष्टीआळीचं नाव आलं, घरं आली, मग आवाज बारीक झाला. "...सोळावी जागा, तीस हात... मोर्तब. संपलं!" आणि त्यांनी कागद घाईघाईनं गुंडाळला.

"थांबा!" तुंगानं दोरा वर धरला. "गाठी सतरा लागल्यात, पंत. तुम्ही ओळी सोळा वाचल्या."

पंत कागद काखेत मारायला लागले. तुंगानं दोरा त्यांच्या पुढ्यात नाचवला.

"अर्धवट सोडलात की हो! आता आजोबांचा आत्मा तळमळणार!"

"वाचा," राजे म्हणाले.

पंतांनी कागद पुन्हा उलगडला. "सतरावी... सूत रंगवायची मोकळी जागा... ओढ्याकाठची, विहिरीसकट."

ओढ्याकाठी, विहिरीजवळ, आता पंतांची आमराई होती. ती कुणाची जागा म्हणून कधी कुणी विचारलं नाही. यादीच नव्हती ना!

राजांनी क्षणभर पंतांकडे बघितलं, मग त्या दोऱ्याकडे, आणि ते असे हसले की चवरी ढाळणारासुद्धा थांबला. "वाचता न येणारीनं दफ्तरदाराला पकडलं! हत्ती राहू देत नदीकाठी. आणा रे तो जरीचा शेला, हिच्या अंगावर घाला!"

"शेला नको, महाराज. तो आमच्याच मागावरचा आहे."

राजे पुन्हा हसले आणि त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात ठेवलं.

पंतांची अकरा कलमी आंब्यांची आमराई गेली, विहिरीसकट.