पानांवरची पांढरी भुकटी

तांबटांची वस्ती असलेल्या एका गावात एक तांबट राहायचा. हाताने मोठा कसबी, पण टापटिपीचं त्याला भलतंच वेड. हंडा असो की घंगाळ, त्यावर डाग दिसला की याच्या जिवाला चैन पडत नसे. चिंच आणि चिंधी सदा हाताशी. शेजारी तर म्हणायचे, "याच्यापुढे फार वेळ उभे राहू नका, तुम्हालाही घासून ठेवील!"

त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिने लावलेली पाच रोपं तेवढी ओसरीवर होती. जाड, गुबगुबीत पानांची, कमळासारखी पसरून बसलेली. लेक गोदा सासरी निघाली तेव्हा तिने बापाला बजावलं होतं, "बाबा, आईची रोपं जपा. माझं घर लागलं की मी न्यायला येईन." आणि आता तिचा निरोप आला होता, महिन्याभरात येते म्हणून.

तांबट हरखून गेला. लेक येणार म्हणजे रोपं कशी लखलखीत हवीत! ओसरीवर जाऊन बघतो तर काय, सगळ्या पानांवर पांढुरकी भुकटी.

"अगबाई, किती ही कळकट झाली!" तो बायकोच्याच सुरात म्हणाला. लगेच चिंचेच्या पाण्यात चिंधी बुडवून त्याने एक रोप पान न् पान घासून काढलं. आतून असा हिरवागार रंग निघाला की स्वारी स्वतःवरच खूश झाली. तेवढ्यात एका लग्नघरचं हंड्यांचं काम आलं आणि बाकीची चार रोपं तशीच राहिली. त्यांचं नशीब थोर.

चौथ्या दिवशी पाहिलं, तर घासलेल्या रोपाची पानं उन्हाने भाजून तपकिरी पडली होती.

शेजारी कुंपणावरून डोकावला. "दादा, ही भुरी! पांढऱ्या भुकटीचा रोग आहे हा. एकाला लागला, आता सगळ्यांना लागणार. उचला आणि फेकून द्या, नाहीतर माझी वांगीसुद्धा जातील."

तांबटाला वाटलं, लेकीला काय तोंड दाखवायचं? पण शेजाऱ्याची वांगी मारण्याचं पापही नको. डोळे पुसत त्याने पाचही कुंड्या टोपलीत भरल्या आणि उकिरड्याची वाट धरली.

दारातच म्हातारी माळीण भेटली. पोचा आलेली कळशी दुरुस्तीला घेऊन आली होती. सगळी हकिगत ऐकून तिने विचारलं, "पण तू नीट पाहिलंस का रे?"

"पाहायचं काय त्यात, मावशी? पांढरं ते पांढरं."

"मग माझी ही कळशी घे आणि पोचा कुठे आहे ते न बघताच ठोकायला लाग!"

माळणीने टोपली खाली ठेवायला लावली आणि एका पानाच्या टोकावर हळूच बोट फिरवलं. "हे बघ. सगळ्या पानावर सारखं पसरलंय, गुळगुळीत आहे, चिकट नाही. ही यांची स्वतःची भुकटी. उन्हापासून जपते, पाणी साचू देत नाही. तू ती पुसलीस, म्हणून पानं भाजली. रोगबिग काही नाही."

"म्हणजे फेकायची नाहीत?" तांबटाच्या जिवात जीव आला.

"थांब, सगळी बघू दे." पाचव्या कुंडीपाशी ती अडली. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके होते, आणि कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. "हे मात्र पिठ्या ढेकूण. रस पितात. पण घाबरू नकोस. ही कुंडी वेगळी ठेव. काडीला कापूस गुंडाळ, रिठ्याच्या पाण्यात भिजव आणि एकेक पुंजका टिपून काढ. फक्त पुंजकाच हं, अख्खं रोप धुवायला जाऊ नकोस. दर आठवड्याला बघ, पुन्हा दिसले तर पुन्हा टिप."

तांबटाने आयुष्यात इतकं नाजूक काम केलं नव्हतं. हंडे ठोकणारे हात, पण काडी धरून तासतासभर बसायचा. बाकीच्या रोपांकडे पाहून हात चिंधीकडे वळायचा, पण तांबट स्वतःला आवरायचा. पहिल्या आठवड्यात पुंजके बरेच निघाले, दुसऱ्यात दोनचार, तिसऱ्यात एकही नाही. मुंग्याही आपल्या वाटेने गेल्या. शेजाऱ्याची वांगी मजेत होती.

गोदा आली. ती पाणी प्यायच्या आत बापाने सांगून टाकलं, "पोरी, तुझ्या आईचं एक रोप माझ्या हातून भाजलं. न बघता घासलं मी."

गोदा त्या कुंडीपाशी वाकली. तपकिरी पानांच्या मधोमध तीन इवली पानं फुटली होती, आणि त्यांच्यावर पांढरी भुकटी होती. अगदी ताजी.

"बाबा, हे जगलंय की हो!" ती म्हणाली, आणि दोघेही हसता हसता रडले.

जाताना तिने चार कुंड्या गाडीत ठेवल्या. उरलेली, भाजलेल्या रोपाची कुंडी बापाच्या हातात दिली. "ही तुमच्यापाशीच राहू दे. आता मला तिची काळजी नाही."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: दिसलं की घासायचं नाही आणि कुणी सांगितलं की फेकायचंही नाही; आधी जवळ जाऊन नीट बघावं, बहुतेक भीती तिथेच सरते.