डोंगऱ्याची घंटा

त्या राज्यातले सगळे रस्ते सपाट आणि अरुंद होते, तरी प्रत्येकाला उंचावर बसायची हौस होती. डोंगरी घोडे गल्लीत मावत नसत आणि तट्टावर बसणाऱ्याला शेजारी विचारत नसत.

म्हणून एका तबेल्याच्या मालकाने भिवराला कामाला लावलं. जनावरांच्या पैदाशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाच वर्षं खपून तिने एक जनावर उभं केलं. छाती नि पाय डोंगरी घोड्यासारखे, पण अंग गल्लीत मावेल एवढंच नि खाणं तट्टाएवढं. इतर तबेल्यांनी नक्कल करू नये म्हणून ती त्याला ठिगळांच्या गोधडीखाली झाकून फिरवी. गोधडीला डोळ्यांपुरती दोन भोकं होती. आत बुजलेल्या त्या जिवाशी ती एकच शब्द बोले, "डोंगऱ्या."

जत्रेत गोधडी निघाली आणि राज्य वेडं झालं. तसली जनावरं घरोघर गेली, पण तबेल्याची मानाची घंटा पहिल्याच्याच गळ्यात राहिली. दर जत्रेत दवंडीवाला नाव पुकारी, डोंगऱ्या चौथऱ्यावर चढून मान वर करी. डोंगर त्याने कधी पाहिलाच नाही, कुणी नेलंच नाही.

मग इतर सात तबेल्यांनीही तसलीच जनावरं काढली. डोंगऱ्याकडे बघून लोक जांभया देऊ लागले.

"भिवराबाई, नवं जनावर काढा," मालक म्हणाला. "नाव मात्र तेच. नावाला गिऱ्हाईक आहे."

"अवो, पण त्यो जिता हाय अजून. दोघांना एका हाकेनं कसं बोलवू?"

"जुन्याला आता नाव कशाला हवं?"

भिवराला मनापासून लाज वाटली, तरी तिने डोंगऱ्याच्या गळ्यातली घंटा सोडली. पुसायलाच काढली असेल, असं डोंगऱ्याला वाटलं.

जत्रेच्या दिवशी गोधडीखालचं नवं जनावर चौथऱ्याच्या पायरीशी उभं होतं. "डोंगऱ्या!" दवंडीवाला ओरडला. ते हललं नाही. गर्दीच्या मागून मात्र एक रोडावलेलं जनावर वाट काढत आलं, पायऱ्या चढलं आणि मान वर करून उभं राहिलं.

"हे कुणाचं?" लोकांनी विचारलं.

भिवराने मालकाकडे पाहिलं. "ठावं न्हाई," ती म्हणाली.

शिपायांनी त्याला वेशीबाहेर हाकललं. ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. गोधडीच्या भोकांतून नव्या जनावराने सगळं पाहिलं होतं.

त्यानंतर आणखी तीन डोंगऱ्या झाले, प्रत्येकाची छाती आधीच्याहून रुंद. भिवरा म्हातारी झाली. एक खोड मात्र तिला कुणाचीच मोडता आली नाही. नावाची हाक आली की नवं जनावर पायरीवर थांबतं, मागे वळून बघतं आणि अंग चोरून बाजूला सरतं. कुणीतरी वर चढून जाईपर्यंत वाट देतं. मगच ते चौथऱ्यावर पाय ठेवतं.