शिवीचं वतन

देवडोंगरीच्या रायाजीराजांनी फर्मान काढलं, की ज्या घरातलं लेकरू शिवी देईल त्या घराने गावाची वेस ओलांडून कायमचं चालतं व्हायचं. कारण काय, तर युवराजांनी आपल्या मुंजीत, भर मांडवात, गुरुजींना एक सणसणीत शिवी हासडली होती. युवराजांना अर्थातच कोणी वेशीबाहेर काढलं नाही. फर्मान लागू झालं ते दुसऱ्या दिवसापासून.

आणि पहिलीच सापडली हौसा परटिणीची बगी. वय वर्षं सहा. नदीकाठी राजवाड्याची धोतरं वाळत घातली होती, त्यांच्यावरून कोतवालाचा घोडा चिखलाच्या टापांनी गेला. हौसा धोतरं गोळा करायला धावली. बगीने मात्र कोतवालाच्या मिशीपासून त्याच्या आज्यापर्यंत कोणालाही सोडलं नाही. कोतवाल तडक राजाकडे गेला.

हौसाला दरबारात उभं केलं. नवरा गेल्यापासून तो घाट आणि कानाला पोचा आलेलं एक घंगाळ, एवढाच तिचा संसार. परक्या गावचे परीट तिला आपल्या घाटावर पाय तरी ठेवू देणार होते का? तिने पदर पसरला. राजा हट्टी होता, पण दुष्ट नव्हता.

"लेकरांच्या शिवीचा माझ्या राज्यात काडीचा उपयोग नाही," तो म्हणाला. "असेल तर दाखव. तिच्यावाचून माझं, खुद्द राजाचं, अडलं पाहिजे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत. नाहीतर गाढवावर बोचकी टाक आणि नीघ."

दरबार खो खो हसला. शिवीवाचून म्हणे राजाचं अडणार! हौसा खाली मान घालून घरी आली. बगीच्या पाठीत धपाटा घालायला तिने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. खरं सांगायचं तर कोतवालाला पडलेल्या त्या शिव्या ऐकून तिचाच जीव थंड झाला होता. मग आठ दिवस ती कपडे आपटत राहिली आणि विचार करत राहिली.

चतुर्थी आली. त्या संध्याकाळी चंद्र बघू नये, बघितला तर चोरीचा आळ येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. राजा तर या बाबतीत भलताच भित्रा. आरतीला जाताना मान खाली आणि डोक्यावर एकावर एक दोन छत्र्या, अशा थाटात तो वाड्याचा चौक ओलांडत होता. चार पावलांवर कोणीतरी एक घंगाळ काठोकाठ भरून ठेवलं होतं. कोणी, ते मागाहून बघू. राजाची खाली घातलेली नजर नेमकी घंगाळात गेली, आणि पाण्यात चतुर्थीची कोर लख्ख!

सकाळी नैवेद्याच्या एकवीस मोदकांत एक कमी भरला. राणीसाहेबांनी नुसतं राजाच्या पोटाकडे बघितलं. राजाने गणपतीची शपथ घेतली, तरी त्या बघतच राहिल्या.

यावर उतारा एकच. शेजाऱ्याच्या कौलांवर खडे मारायचे आणि त्याच्या शिव्या खायच्या, म्हणजे आळ टळतो. राजाने दिवाणांच्या घरावर खडे मारले. दिवाणांनी बाहेर येऊन मुजरा केला आणि फुटलेल्या कौलांना हार घालायला सांगितलं. कोतवालाने तर खडे वेचून देवघरात ठेवले. शेवटी राजाने दिवाणांना हुकूमच सोडला, की मला शिवी द्या. दिवाणांना घाम फुटला.

"महाराज," ते कसेबसे म्हणाले, "आपण... किंचित... स्थूल आहात."

पुराणिकबुवांनी नकारार्थी मान हलवली. शिवी मनापासूनची लागते, हुकमाची चालत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. राजा डोक्याला हात लावून बसला. तेवढ्यात धुतलेले कपडे पोचवायला आलेली हौसा दारातून हळूच म्हणाली,

"म्हाराज, आमच्या खोपटावर एक खडा मारून बघता का?"

सगळा दरबार नदीकाठी निघाला. खोपटासमोर बगी भातुकली मांडून बसली होती. राजाने खडा मारला. तो गवताच्या छपरावरून घसरला आणि थेट बगीच्या बोळक्यात पडला. बोळक्याचे दोन तुकडे झाले.

बगी उठली. समोर भालदार होते, चोपदार होते, पण तिला दिसत होतं ते फुटलेलं बोळकं.

"मेल्या, हात झडले तुजे! डोळं काय शेणानं सारवल्यात? येवढा टोणगा झालास आन् पोरीचा सौंसार मोडतोस? तुज्या पगडीत उंदरं इतील, काळतोंड्या!"

भालदार पुढे सरसावला. राजाने त्याला हातानेच थोपवलं, आणि बगीला म्हणाला, चालू दे. बगीकडे साठा पुष्कळ होता. ती दम घ्यायला थांबली तोच वाड्यातून माणूस धावत आला. मोदक सापडला होता, पुजाऱ्याच्या उपरण्यात. राणीसाहेबांनी महाराजांना जेवायला बोलावलं होतं.

"म्हाराज," हौसा हात जोडून म्हणाली, "लेकराच्या शिवीवाचून तुमचं अडलं का न्हाई? मोठी मान्सं तुमाला भित्यात. लेकरांनाबी भ्यायला शिकवलंत, तर फुडल्या चवतीला कुणाच्या दारात जाल?"

राजाला हसू आवरेना. पगडी सावरत त्याने तिथेच फर्मान फाडलं. हौसाला घाटाची सनद मिळाली. बगीला पितळी भातुकली मिळाली, आणि वर शिवीचं वतन. दरवर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिने राजाला पोटभर शिव्या द्यायच्या आणि दोन मण तांदूळ न्यायचा. कोतवालालाबी द्यायच्या का, असं बगीने विचारलं. त्याला फुकट दे, राजा म्हणाला.

राजा निघाला, चार पावलं गेला आणि काहीतरी आठवून मागे वळला.

"हौसे, वतन तर देऊन बसलो. पण त्यासाठी दरवर्षी मला चंद्र दिसायला हवा. तो दिसायचा कसा?"

"त्येची काळजी नगं, म्हाराज," हौसा म्हणाली. "घंगाळ माजंच हाय."

राजा असा हसला, असा हसला, की नदीपलीकडे चरणारी गाढवंसुद्धा मान वर करून बघायला लागली.