धामणीचा बांध

पाहुणे, हा बांध नीट बघा. इतर गावांत दरसाल नांगराचं एकेक तास आत सरकवून बांध कोरतात आणि मग कोर्टात हेलपाटे घालतात. हा मात्र गाडी जाईल एवढा रुंद आहे. वर बोरी, गवत, वारुळं. याला फाळ लागत नाही. का, ते सांगतो. मधे बोलू नका.

फार मागे इथं गोंदाबाई नावाची बाई होती म्हणे. नवरा वारलेला, शेजारच्या वाट्यात दीर हैबती. एका साली गावच्या म्हशी आटू लागल्या. सगळे म्हणाले, बांधावरच्या धामणी गोठ्यात शिरून, म्हशीच्या पायांना वेढा घालून दूध पितात. आमचे पूर्वज असलेच. हैबतीनं बांध पेटवला आणि बाहेर पळालेल्या धामणी गावानं काठीनं ठेचल्या. गोंदाबाईच्या हातातही काठी होती, असं सांगतात. लपवायचं कशाला?

पुढच्या सुगीला उंदीर आले. ज्वारीची उभी ताटं कापली, कणग्या पोखरल्या, निजलेल्या माणसांच्या टाचा कुरतडल्या. भिंतीआड सारखी कुरकुर. दोन घास कुणी स्वस्थ बसून खाईना. गोंदाबाईकडे एक मडकं बियाणं उरलं. तेही गेलं असतं तर रान पडीक, आणि पडीक रान हैबती गिळणार, हे तिला ठाऊक होतं.

ती डोंगरापलीकडून धामणीची जोडी टोपलीत घालून घेऊन आली. हैबतीनं वेशीतच अडवलं.

"वैनी, डोकं फिरलं का? म्हशी परत आटतील!"

"माझी म्हैस बांधावरच बांधते, भावजी. आटली तर माझा वाटा तुमचा."

"पंचांसमोर बोला."

"तुमच्या बायकोसमोर बोलते. तिच्या ध्यानात जास्त राहतं."

धामणी बांधावर सोडल्या, म्हैसही तिथंच बांधली. पाच दिवस दूध भरपूर आलं. सहाव्या सकाळी कास रिकामी! हैबती नांगर जुंपूनच आला. तेवढ्यात गोंदाबाईला रेडकू दिसलं; आईजवळ उभं, तोंडाला दुधाचा फेस. रेडकाच्या खुंट्याला दाव्याचा तुकडा लोंबत होता. तुटलेला नव्हे, कुरतडलेला. त्यावर उंदराचे दात उमटलेले.

हैबतीनं तो तुकडा हातात घेतला आणि तसाच आपल्या गोठ्यात गेला. त्याच्या रेडकाच्या दाव्याला सात गाठी होत्या. म्हशी आटल्या त्या साली त्यानंच मारलेल्या. तुटलं की बांधायचं. कशानं तुटतं, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानं बैल सोडले. धामणी बांधावर राहिल्या, वाढल्या, उंदीर हटले. गोंदाबाईनं पेरणी केली.

आजही आमच्याकडे म्हैस दूध कमी देऊ लागली की घरचा कर्ता तोंड उघडत नाही. आधी रेडकाचं दावं टोकापर्यंत चाचपतो. ते धड निघालं तरी काठीकडे हात नेत नाही. पुन्हा पहिल्यापासून चाचपतो.